फुगे की पाटे?

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सोयाबीनची रास घरात येऊन पडली होती आणि ओसरीत पोत्यांवर टेकून मी वर्तमानपत्र चाळत होतो. तेवढ्यात फोन वाजला. आमचे चिरंजीव पर्थहून बोलत होते. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाचे पर्थ कुठे आणि लातूर जिल्ह्यातले आमचे चाकूर कुठे! पण दर रविवारी हा मुलगा न चुकता फोन करतो. प्रकृतीची चौकशी झाली, पावसाची झाली, आणि मग तो एकदम म्हणाला,

"अण्णा, एक सल्ला हवाय. फुगे बसवू की पाटे?"

आमची मंडळी शेजारीच वाती वळत बसली होती. ती चटकन म्हणाली, "फुगे? अगंबाई, वाढदिवस तर चैत्रात असतो ना बाळाचा? आणि पाटा कशाला बसवतोय? मिक्सर बिघडला की काय?"

वाचकहो, हसू नका. क्षणभर मीही तसाच गोंधळलो होतो. मग उलगडा झाला तो असा.

चिरंजीवांनी एक कॅरॅव्हॅन घेतली होती. म्हणजे चाकांवरचे घर. आत झोपायला जागा, चूल, मोरी, सगळे काही. फक्त त्याला स्वतःचे इंजिन नाही. ते मोटारीच्या मागे जोडून ओढायचे. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' म्हणतात, तर हे शेपटीवर! आपल्या महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, पण आपल्याकडे हे प्रस्थ अजून फारसे माजलेले नाही. तिकडे मात्र निवृत्त माणसे असे घर मागे बांधून महिनोन् महिने देशभर भटकतात म्हणे. डिसेंबरात आम्ही दोघे पर्थला जाणार होतो. आम्हांला घेऊन पर्थ ते ॲडलेड असा सुमारे 2700 किलोमीटरांचा प्रवास करायचा, असा मुलाचा बेत होता.

अडचण एकच होती. कॅरॅव्हॅन जोडली की पुढची मोटार मागून बसत होती. त्याने फोटो पाठवला. चांगली दणकट गाडी, चारही चाकांना जोर असलेली. पण मागचा भाग खाली टेकलेला आणि नाक वर. आमच्या गल्लीतला मोती भाकरीची वाट बघत बसतो ना, हुबेहूब तसा थाट! दिव्यांचा झोत रस्त्यावर पडायचा सोडून झाडांच्या शेंड्यांवर जात होता. तर गाडीचा मागचा भाग उचलून धरायला स्प्रिंगांच्या जोडीला हवेचे फुगे बसवावेत की जास्त जाड स्प्रिंगा, म्हणजे आपल्या भाषेत 'पाटे वाढवावेत', असा त्याचा प्रश्न होता. खरे तर सल्ला विचारणे हा बहाणाच. बापाशी चार गोष्टी बोलाव्यात एवढाच त्यामागचा हेतू.

पण 'पाटे वाढवू का' हे शब्द कानांवर पडले आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

त्याचे कारण सांगायचे तर 1986 सालात जावे लागेल. मी नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. माझ्या धाकट्या काकांनी एक जुनी जीप घेतली होती आणि तिच्या मागे दोन चाकांची ट्रॉली जोडून ते भाडी मारीत. ज्वारीची पोती, डिझेलचे इंजिन, लग्नाचे मांडव, जे मिळेल ते. ट्रॉली भरली की जीप मागून बसायची. बघणारे हसायचे, आणि काका तर मोठे मानी. मिस्त्रीने सांगितले, मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवू, गाडी ताठ उभी राहील. काकांच्या हाती तेवढे पैसे नव्हते. ते मी दिले. नव्या नोकरीतला पगार, काकांवर जीव. मोठ्या हौसेने दिले.

आणि खरोखरच जीप उभी राहिली! भरल्या ट्रॉलीनिशी अशी तालेवार दिसू लागली की काकांनी तिला हार घातला. पूर्वी गाडी बसायला लागली की ते पोती भरणे थांबवायचे. आता गाडी बसेचना. मग थांबायचे कशाला?

तिसऱ्या आठवड्यात वडवळच्या रस्त्याला ओढ्याजवळच्या वळणावर काकांनी चाक फिरवले आणि जीप वळलीच नाही. सरळ गेली. काकांचा उजवा पाय गेला नाही, पण जन्माचा अधू झाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात माझे वडील बसले होते. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी उलार होती. ताठ हुबी होती म्हणून तुमाला दिसली न्हाई."

'उलार' हा शब्द शहरातल्या मुलांना आता सांगावा लागेल. बैलगाडीत ओझे मागे जास्त झाले की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठते आणि गळ्याचे जोते आवळू लागते. ती गाडी उलार. आणि ओझे फार पुढे आले की सगळा भार मानेवर येतो, बैल गुडघ्यात बसतो. म्हणून वडील गाडी भरून झाली की बैल जुंपण्यापूर्वी जुवाखाली हात घालून ते जरा उचलून बघत. फार हलके लागले तर दोन पोती पुढे, फार जड लागले तर दोन मागे. लमाणांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा सारा दख्खन तुडवीत असत, तेही दोन्ही बाजूंच्या गोण्या तोलूनच. आमच्या जीपच्या बाबतीत तोल बघण्याचे कुणाला सुचले नाही. जुने मोडीत निघाले होते ना!

तर फोनवर मी मुलाला एवढेच म्हणालो, "अरे, आधी वजन करून बघ. मग काय बसवायचे ते बसव."

"वजन ठीकच आहे, अण्णा. गाडीच्या पुस्तकात सगळे आकडे दिलेत."

"पुस्तकात गाडीचे असेल. तू काय भरलेस त्याचे नाही ना?"

"अण्णा," तो हसत म्हणाला, पण त्या हसण्यात थोडी कुरकुर होती, "ही बैलगाडी नाही हो. आणि इंजिनियर मी आहे की तुम्ही?"

मला राग आला. मी फोन मंडळींच्या हाती दिला. पुढच्या रविवारी फोन आला तो तिच्याशीच बोलायला. माझ्यासाठी 'अण्णांना नमस्कार सांग', एवढेच.

राग आला तरी काळजी कुठे जाते? मी लातूर-नांदेड रस्त्यावरच्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. चाळीस वर्षे जिपा, टेंपो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या यांच्या पोटाखाली झोपून काढलेला गृहस्थ. त्याला फोटो दाखवला. त्याने हात पुसले, फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पाटे टाका न्हायतर फुगे टाका, गाडी वर येतीच. पर वजन काय आभाळात जातंय व्हय?"

मग त्याने एका जुन्या पाट्यावर खडूने आकृती काढली आणि मी रात्री वहीत त्याचे गणित मांडले. ते सोपे आहे. आपल्या मुलांना सी-सॉवर बसवलेल्या कोणत्याही गृहिणीला कळेल असे. कॅरॅव्हॅनचे टोक मोटारीच्या मागच्या गोळ्यावर टेकते. तो गोळा मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा, तो मागच्या चाकांपासून 120 सेंटिमीटर मागे आहे आणि मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर 280 सेंटिमीटर आहे. आता गोळ्यावर 100 किलो भार ठेवला तर मागच्या चाकांवर 100 नव्हे, सुमारे 143 किलो येतात! वरचे 43 कुठून आले? पुढच्या चाकांवरून उचलले गेले. आणि गाडी वळवायचे काम पुढच्या चाकांचे, थांबवायचे कामही जास्त करून त्यांचेच. काकांची जीप का वळली नाही, ते मला इतक्या वर्षांनी त्या वहीच्या पानावर दिसले. पाट्यांनी मागचा भाग उचलला, पण पुढच्या चाकांना त्यांचे वजन काही परत दिले नाही.

फुग्यांविषयीही मी वाचू लागलो. हवेवर ओझे पेलायची युक्ती नवी नाही. डनलॉपने हवेचा टायर केला तो 1888 साली. 2001 साली व्होल्वोच्या बसगाड्या आपल्या देशात आल्या, त्यांच्या पोटाखाली असेच हवेचे फुगे असतात. म्हणून तर रात्रीच्या प्रवासात खड्डे गेल्याचे कळत नाही. मोटारीला मागाहून बसवायचे फुगे मुख्यतः दोन तऱ्हेचे. गुंडाळीच्या स्प्रिंगा असतील तर स्प्रिंगेच्या पोटात बसणारी नळकांडी. त्यांत साधारण 5 ते 35 पौंड हवा भरतात. पाटे असतील तर चासी आणि आख यांच्यामध्ये बसणारे रबरी फुगे. ते 100 पौंडांपर्यंत हवा घेतात. मोटारीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह, तशीच हवा.

यात एक खोच आहे. पाट्यांवरचा भार चासीला दोन टोकांना लागतो. फुगा मात्र मधोमध, आखाच्या वर, एकाच जागी रेटा देतो. मागे लांबवर ओझे लोंबते आहे आणि मध्ये फुगा टणक झाला आहे, अशा स्थितीत खाचखळग्यांच्या रस्त्यावर चासीच वाकते. ऑस्ट्रेलियात मागे उघडा हौदा असलेल्या गाड्यांच्या चासी अशा वाकल्याची उदाहरणे बरीच आहेत. म्हणजे तिकडचे शहाणे लोकही आमच्या काकांच्याच वाटेने गेले म्हणायचे!

डिसेंबरात आम्ही पर्थला पोचलो. विमानतळावर मुलगा वाकून पाया पडला, मीही पाठीवर हात ठेवला. पण त्या विषयाला दोघांनीही हात घातला नाही. घरासमोर ती घरगाडी उभी होती, पांढरीशुभ्र. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "उद्या फुगे बसवणाऱ्याकडे नंबर लावलाय. दुपारी जायचं."

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून बाहेर आलो तर तोही अंगणात चहाचा पेला घेऊन बसलेला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि जे कधी कुणाला सांगितले नव्हते ते त्याला सांगितले. त्याला काका ठाऊक होते ते लंगडत चालणारे, खिशातून गोळ्या काढून देणारे आजोबा म्हणून. पाय कसा अधू झाला, ते घरात कुणी बोलत नसे. मी म्हणालो, "ते दोन पाटे माझ्या पैशांचे होते, बाळ. म्हणून मी वजन कर म्हणत होतो. तुझ्या शिक्षणावर माझा विश्वास नाही, असं नाही."

तो काही बोलला नाही. पेला खाली ठेवला आणि किल्ली घेऊन आला. "चला, अण्णा. काटा सकाळी सातला उघडतो."

त्यांचा वजनकाटा म्हणजे आपल्या लातूरच्या बाजारातल्या काट्यासारखाच, फक्त तिथे कुणी ओरडत नाही. आधी कॅरॅव्हॅन सोडवून एकटीचे वजन केले: 2240 किलो. मग मोटारीला जोडून फक्त कॅरॅव्हॅनची चाके काट्यावर ठेवली: 1975. वजाबाकी तिसरीतल्या पोराची! 265 किलो मोटारीच्या शेपटावर बसले होते. पुस्तकात मर्यादा 250 ची. तिकडे सामान्यतः कॅरॅव्हॅनच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका भार गोळ्यावर असावा असे धरतात. हा जवळजवळ बारा टक्के झाला. शिवाय मोटारीच्या मागच्या भागात भरलेले सामान निराळेच.

"जू जड आहे," मी म्हणालो.

"पण एवढं आलं कुठून?" असे म्हणत त्याने कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाची पेटी उघडली, आणि एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. वाचकहो, काय होते त्या पेटीत! पाण्याचे दोन कॅन, वीस-वीस लिटरांचे, कारण आईला बाटलीतले पाणी आवडत नाही. ज्वारीच्या पिठाच्या पिशव्या, कारण अण्णांना रात्री भाकरीच लागते. घडीची पलंगडी, अण्णांच्या कमरेसाठी. उंच पायांची खुर्ची, आईच्या गुडघ्यांसाठी. आणि सर्वांच्या तळाशी, कापडात गुंडाळलेला, काळ्या दगडाचा जडशीळ खलबत्ता. आईला ठेचा करायला मिक्सर चालत नाही ना!

गाडी मागून बसली होती ती आमच्या ओझ्याने. मुलाने ते ओझे हौसेने वाहायला घेतले होते आणि ते दिसू नये म्हणून फुगे लावायला निघाला होता. मी चष्मा काढून पुसू लागलो. मंडळींनी मात्र खलबत्ता उचलून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आहे. पण हा घरीच राहू दे. तीन आठवडे ठेच्यावाचून काही मी मरत नाही."

मग आम्ही तिघांनी मिळून ती गाडी पुन्हा भरली. खुर्ची आणि खलबत्ता घरी ठेवला. रिकामे कॅन वाटेत भरायचे ठरले. जड वस्तू कॅरॅव्हॅनच्या चाकांच्या वर, खाली जमिनीलगत. शेपटाकडे काही नाही. कारण मागे जड झाले तर कॅरॅव्हॅन वेगात झोके घेऊ लागते आणि पुढच्या मोटारीला हालवून टाकते. पुन्हा काट्यावर गेलो. एकूण 2190, चाकांवर 1985. म्हणजे गोळ्यावर 205. मोटारीचे नाक बरेच खाली आले होते, दिव्यांचा झोत माणसांत आला होता. मागचा भाग अजून दोन बोटे बसत होता.

"आता फुगे," मी म्हणालो.

तो चकित झाला. "म्हणजे तुमचा विरोध नाही?"

"विरोध कशाला? आधी तोल, मग टेकू. काठी घेऊन चालणाऱ्याने पाठीवरचं पोतं आधी उतरवावं, एवढंच."

निवड मग सोपी झाली. त्याची गाडी वर्षातले अकरा महिने मोकळीच चालते, ऑफिसला आणि मुलांच्या शाळेला. तिला जाड स्प्रिंगा घातल्या असत्या तर त्या वर्षभर हाडे खिळखिळी करीत राहिल्या असत्या. ज्याचे ओझे बारमाही, त्याने जाड स्प्रिंगा किंवा पाटे घ्यावेत. ज्याचे ओझे पाहुण्यासारखे, त्याने फुगे. ओझे आले की हवा भरावी, गेले की काढावी. त्याच्या गाडीला गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या, तेव्हा पोटात बसणारी नळकांडी घेतली. दोन्ही बाजूंना वेगवेगळे व्हॉल्व्ह ठेवायला सांगितले. दोन्ही फुगे एकाच नळीला जोडले तर वळणावर दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखीच कलते. हे मात्र मला बसवणाऱ्याने सांगितले, मिस्त्रीने नव्हे. ज्ञान काही एकाच गावात राहत नाही!

आणि आम्ही निघालो. नलारबोर नावाचे ते मैदान. नावाचा अर्थच 'झाड नाही' असा. तिथे एक रस्ता 146.6 किलोमीटर सरळ जातो, एकही वळण नाही. वडवळच्या रस्त्यावर एवढ्या अंतरात किती वळणे येतील, याचा मी मनात हिशेब करीत होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात मागे काही ओढत असाल तर ताशी 100 किलोमीटरांच्या वर जाता येत नाही. चिरंजीव 90 वरच राहिले. समोरून दोन-दोन डबे ओढणारे अजस्र ट्रक येत, त्यांच्या वाऱ्याचा धक्का बसे, आणि दर वेळी मी नकळत दार धरी. गाडी जराशी हाले आणि पुन्हा सरळ होई.

अशाच एका ट्रकनंतर मुलाने माझ्याकडे न पाहता विचारले, "अण्णा, उलार नाही ना?"

"नाही रे," मी म्हणालो, "बरोबर आहे."

माझ्या वडिलांचा शब्द त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला. मागे बसलेल्या नातवाने विचारले, "आबा, उलार म्हणजे काय?" पुढचे तीस किलोमीटर मग बैलगाडीत गेले.

आम्ही चाकूरला परत आलो. मिस्त्रीला सारी हकीकत सांगितली. त्याने मान डोलावली आणि चहा मागवला. खलबत्ता पर्थच्या ओट्यावर आहे. सूनबाई त्यात ठेचा करते म्हणे.

परवाच्या रविवारी फोन आला. प्रकृतीची चौकशी झाली, पावसाची झाली. मग तो म्हणाला, "अण्णा, फुग्यांतली हवा बघितली. दोन्हींत पाच-पाच पौंड आहे."

गाडी मोकळी असली तरी फुग्यात निदान 5 पौंड हवा ठेवावी लागते. अगदी रिकामा ठेवला तर तो स्प्रिंगेत चिमटतो आणि फाटतो. म्हणून ओझे नसले तरी अधूनमधून हवा बघावी लागते.

"बघत जा," मी म्हणालो, आणि फोन मंडळींच्या हाती देण्याआधी आणखी बराच वेळ बोलत राहिलो.